रॅपर आणि सिंथवाल्यांचा पहिला अल्बम: रॅप वरून चिकटवल्यासारखा का वाटतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तिघं मिळून पहिला अल्बम करताय. एक जण रॅप करतो, दोघं इंडी इलेक्ट्रॉनिकवाले, म्हणजे सिंथेसायझरवर (सिंथवर) संगीत करणारे आहेत, त्यातला एक थोडं गातोही. चार ट्रॅक झालेत, टेम्पो मिनिटाला ११८ ते १२४ ठोक्यांच्या (बीपीएम) दरम्यान. नुसतं संगीत ऐकलं तर छान, नुसता रॅप ऐकला तर छान, पण एकत्र वाजले की रॅप वरून चिकटवल्यासारखा वाटतो. हे मिक्समध्ये, म्हणजे शेवटी सगळे आवाज एकमेकांत बसवताना, सुटेल का?

नाही सुटणार. थोडंफार झाकता येईल. रॅप जरा खाली-वर करा, पॅडची (मागे लांबत राहणाऱ्या सिंथच्या सुरांची) छाटणी करा, सगळ्यावर एकच रिव्हर्ब (खोलीची घुमणूक) फिरवा. ऐकणारा पहिल्या खेपेला फसेल, दुसऱ्या खेपेला फसणार नाही. कारण तुमच्याच वर्णनात आहे. ट्रॅक पूर्ण झाला की तो रॅपरकडे जातो, तो लिहून, रेकॉर्ड करून परत पाठवतो आणि मग थेट मिक्स. म्हणजे शब्द ऐकल्यावर संगीत करणाऱ्यांनी आपल्या कामात काहीच बदललं नाही. रॅपरच्या वाट्याला जी जागा आली तीत त्याने स्वतःला बसवून घेतलं.

अशा मिश्र कामांचं प्रॉडक्शन आणि मिक्सिंग मी बरीच वर्षं करतोय, आणि माझा एकच हट्ट असतो: रॅप रेकॉर्ड झाला की ट्रॅक पुन्हा उघडायचा. आवाज कमी-जास्त करणारे फेडर हलवण्यासाठी नव्हे, रचना बदलण्यासाठी. जिच्यावर तुमचा जीव आहे ती सुरावट काढायची वेळ आली तर काढायची. पुढे जे लिहितोय ते सगळं याच एका हट्टापायी आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. हे दोन परके प्रकार आहेत आणि आपण त्यांची मोट बांधतोय, असं मनात धरून बसू नका. १९८२ साली आफ्रिका बंबाटा आणि सोलसॉनिक फोर्सचं 'प्लॅनेट रॉक' आलं. त्यात आर्थर बेकर आणि जॉन रोबी यांनी जर्मनीच्या क्राफ्टवर्कच्या सुरावटीचा आणि तालाचा आधार घेतला, रोलंडच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनवर बीट उभा केला आणि त्यावर रॅप झाला. रॅप आणि सिंथ यांची ओळख इतकी जुनी आहे. पुढे सँपलर, म्हणजे रेकॉर्डमधला तुकडा साठवून हवा तसा वाजवणारी यंत्रं, हाताशी आले आणि हिप हॉप जुन्या फंक-सोल रेकॉर्डमधल्या तुकड्यांकडे वळलं, वाटा वेगळ्या झाल्या. पण यंत्रं सारखीच राहिली. एसपी-१२०० या हिप हॉपच्या लाडक्या सँपलरमध्ये एकूण जेमतेम १० सेकंदांचा आवाज मावायचा. म्हणून लोक ३३ ची रेकॉर्ड ४५ च्या वेगाने वाजवून सँपल करायचे आणि मशीनमध्ये परत मंद करायचे. त्या उद्योगातून जो खरखरीत, दाणेदार आवाज आला, त्याच्या मागे आज इलेक्ट्रॉनिकवाले प्लगइन घेऊन धावतात. तेव्हा तुमच्यात समान काय आहे हे शोधायची गरज नाही, ते आहेच.

तुमच्या बेताच्या सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे '१३ अँड गॉड'. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचे देमसेल्व्हज हे रॅपवाले आणि जर्मनीच्या बव्हेरियातल्या वाइलहाइमचा नोटविस्ट हा बँड एकत्र आले, आणि त्यांचा त्याच नावाचा पहिला अल्बम २००५ मध्ये अँटिकॉन आणि एलियन ट्रान्झिस्टर या दोन लेबलांवर निघाला. त्यात देमसेल्व्हजच्या डोझवनचा भरभर, नाकातला रॅप आहे आणि नोटविस्टच्या मार्कुस आखरचं संथ, जवळजवळ निर्विकार गाणं आहे. दोन्ही आवाजांत काडीचंही साम्य नाही. तरी तो दोन बँडनी वाटून घेतलेला अल्बम वाटत नाही, कारण रॅपला त्यात एकच ठरलेली जागा नाही. कुठे तो पुढे येतो, कुठे गाण्याच्या मागे नुसता थर होऊन सरकतो. 'व्हर्स (कडवं) रॅपरचा, हुक (परत परत येणारं धृपद) गाणाऱ्याचा' हा साचा तुम्ही पहिल्या तिन्ही ट्रॅकमध्ये वापरलाय. एखाद्या गाण्यात चालेल. अल्बमभर चालवलात तर तिसऱ्या गाण्यापासूनच ऐकणाऱ्याला पुढचं सगळं आधीच कळायला लागेल.

दुसरं उदाहरण रॅपचं नाही, पण कामाच्या पद्धतीचं आहे. पोस्टल सर्व्हिस या बँडचा 'गिव्ह अप' हा अल्बम २००३ मध्ये आला. जिमी टॅम्बोरेलो लॉस अँजेलिसमध्ये, बेन गिबर्ड सिएटलला. एकाने वाद्यांचा ट्रॅक करून टपालाने पाठवायचा, दुसऱ्याने त्यावर गाणं रचताना ट्रॅकचीच काटछाट करायची, भर घालायची आणि परत धाडायचा. तुम्ही एका शहरात नाही ही अडचण सांगितलीत. ती खरं तर अडचण नाही. लांब राहून उत्तम काम होतं, फक्त समोरच्याला आपल्या ट्रॅकला कात्री लावायची मुभा हवी.

आता प्रत्यक्ष कामाकडे. पहिला पेच टेम्पोचा. १२० बीपीएमला एका ठोक्याचे चार भाग केले तर एकेक भाग १२५ मिलिसेकंदांचा होतो. प्रत्येक भागावर एक अक्षर टाकलं तर सेकंदाला आठ अक्षरं. ९० ला तेच सहा. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, पण तोंडात फार मोठा असतो. आठला शब्द कळेनासे होतात, श्वास तुटतो, आणि रॅपर जीव घेऊन पळतोय असं वाटायला लागतं. तुमच्या दुसऱ्या ट्रॅकबद्दल तुम्ही 'घाई वाटते' असं लिहिलंय, ते यामुळेच.

यातून तीन वाटा निघतात. टेम्पो सरळ ८८ ते ९६ वर आणा. सिंथवाल्यांच्या जिवावर येतं हे, पण मिडीवर (स्वर आवाज म्हणून नव्हे, सूचना म्हणून साठवून) वाजवलेला अर्पेजिओ, म्हणजे सुटे सुटे वाजणारे कॉर्डचे स्वर, मंद करायला कितीसा वेळ लागतो? फिल्टर आणि डिलेचे (प्रतिध्वनीचे) काळ तेवढे पुन्हा जुळवायला लागतील. दुसरी वाट, टेम्पो १२० च ठेवून ड्रम हाफ-टाइम (ऐकायला निम्म्या वेगाचे) करा: स्नेअर, म्हणजे कडक वाजणारा ड्रम, चारपैकी फक्त तिसऱ्या ठोक्यावर. मग रॅपरला एका ठोक्यात तीन अक्षरांचा फ्लो (शब्दांची लय) घेता येतो, आणि गंमत अशी की १२० ला तीनच्या हिशेबाने सेकंदाला बरोब्बर सहा अक्षरं येतात, म्हणजे ९० च्या चारच्या फ्लोइतकीच. तोंडाला ओळखीचा वेग आणि खाली वेगळाच ठेका. दुसऱ्या ट्रॅकसाठी मी हीच वाट घेईन. तिसरी, ड्रम १७० वर पळू द्या आणि रॅप ८५ च्या हिशेबाने घ्या. ही मोहात पाडते, पण पूर्ण अल्बममध्ये एकदाच.

टेम्पोपेक्षा सूक्ष्म आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा भाग झोलाचा, म्हणजे ठोक्याच्या किंचित मागे-पुढे झुकण्याचा. तुमचे अर्पेजिओ ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या समान भागांच्या रेघांवर, काटेकोर बसलेत. रॅपर मात्र स्वभावतः ठोक्याच्या किंचित मागे बोलतोय. ते चांगलंच आहे, तिथेच त्याची ऐट आहे. पण खालचा सिंथ सोळाव्या-सोळाव्या भागावर टिकटिक करत राहिला की तीच ऐट चूक वाटायला लागते. किती फरकाच्या गोष्टी करतोय ते बघा: ९० बीपीएमला सोळाव्या भागांचा स्विंग (प्रत्येक जोडीतला दुसरा भाग मागे सरकवणं) ५० टक्क्यांवरून ५६ वर नेला तर मधला ठोका फक्त २० मिलिसेकंद मागे सरकतो. कानाला तेवढं पुरतं.

रॅपरला ओढून ग्रिडवर बसवू नका. वेळेची दुरुस्ती करणारी साधनं त्याच्या आवाजावर चालवणं म्हणजे अल्बममधली सगळ्यात माणसासारखी गोष्ट पुसून टाकणं. उलटं करा. त्याच्या चांगल्या टेकमधून ग्रूव्ह, म्हणजे त्याच्या झोलाचा साचा, काढा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते, नसेल तर चार बारमधली (एक बार म्हणजे चार ठोके) जोरदार व्यंजनं डोळ्याने बघून खुणा करा. तो ग्रूव्ह अर्पेजिओला आणि शेकरला द्या. स्नेअर ८ ते १५ मिलिसेकंद मागे घ्या. किक (खर्जातला मोठा ड्रम) जागेवर ठेवा, हायहॅट (झांजांची जोडी) सरळ ठेवा. सगळंच झुकवलं तर काहीच झुकल्यासारखं वाटत नाही.

आता ट्रॅक पुन्हा उघडायचा म्हणजे नेमकं काय करायचं, ते तुमच्या पहिल्या ट्रॅकच्या १६ बारच्या व्हर्सवर दाखवतो. तुम्ही पाठवलेल्या मांडणीत पहिल्या बारपासून किक, बास, पॅड, अर्पेजिओ आणि वरची छोटी घंटेसारखी सुरावट असं सगळं चालू आहे. रॅप आला तरी एकही गोष्ट बाजूला झालेली नाही.

सगळं म्यूट करा. फक्त रॅप आणि किक. पहिले चार बार तसेच ऐका. रॅपर दुसऱ्या बारच्या शेवटी श्वास घेतो आणि चौथ्या बारच्या शेवटी एक ठोकाभर थांबतो. या दोन जागा तुमच्या. घंटेची सुरावट सलग वाजवण्याऐवजी तिचे शेवटचे दोन स्वर फक्त चौथ्या बारच्या त्या रिकाम्या ठोक्यावर टाका. लगेच ते उत्तर दिल्यासारखं ऐकू येईल, आणि रॅपरला न सांगताच कोणीतरी त्याचं ऐकतंय असं वाटेल. पाचव्या बारपासून बास येऊ दे, पण त्याचे लांब स्वर तोडा: वाक्य संपतं तिथे बास संपला पाहिजे. पॅड नवव्या बारला, तोही फिल्टर बराच बंद ठेवून. बाराव्या बारमध्ये तो तीन आतल्या यमकांची ओळ घेतो. तिथे बास आणि किक दोन्ही काढा. नुसता आवाज आणि पॅडची शेपटी. तेराव्यावर सगळं परत आलं की ती ओळ श्रोत्याच्या डोक्यात बसलेली असते. अर्पेजिओ? या व्हर्समध्ये नकोच. तो हुकसाठी राखून ठेवा, मग हुकला वेगळं काही चढवायची गरजच पडणार नाही.

इंडी इलेक्ट्रॉनिकची सवय हळूहळू चढत जायची असते आणि हिप हॉपची सवय एका लूपवर ठाण मांडायची. दोन्ही हवं असेल तर लूप तोच ठेवा आणि त्यातून काय काढायचं, काय परत आणायचं यातून चढण तयार करा.

आणि हा प्रवास दोन्ही बाजूंनी व्हायला हवा. मांडणी बदलली की ट्रॅक रॅपरकडे परत जाऊ दे. त्याला आता मोकळी जागा दिसेल, तो दोन ओळी कापेल, एखादी मंद करेल, एखादी गुणगुणेल. दुसरा टेक पहिल्यापेक्षा जवळजवळ नेहमीच निराळा येतो. माझ्या कामात जे ट्रॅक जमले त्यातल्या बहुतेकांत अंतिम रॅप हा मांडणी बदलल्यानंतरचा आहे.

आवाज जुळवण्याचा सगळ्यात जवळचा मार्ग सांगतो. रॅपरच्या टेकमधून श्वास, 'स', 'च', 'ट' सारखी व्यंजनं आणि वाक्याआधीचे हुंकार कापून घ्या. 'स' चा हायहॅट होतो, 'ट' चा रिमशॉट. एखादा लांब स्वर ग्रॅन्युलर सिंथमध्ये (आवाजाचे बारीक कण करून वाजवणाऱ्या) टाकून ताणला की त्याचा पॅड होतो. आता वाद्यं त्याच्याच गळ्यातून आलेली आहेत. रॅप वरून चिकटवल्यासारखा वाटेल कसा? हे प्रत्येक गाण्यात करू नका, दोन ठिकाणी पुरे.

याचा आणखी एक फायदा आहे. दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला तुकडा घ्यायचा तर दोन वेगळ्या परवानग्या लागतात, एक रेकॉर्डिंगची आणि एक रचनेची, आणि त्या बऱ्याचदा वेगवेगळ्या मालकांकडे असतात. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड अपराइट विरुद्ध वॉर्नर खटल्यात विनापरवानगी सँपल वापरणाऱ्या रॅपर बिझ मार्कीच्या विरोधात निकाल गेला, आणि तेव्हापासून 'छोटा तुकडा आहे, चालतो' या बचावावर भिस्त ठेवणं धोक्याचं झालंय. पहिल्याच अल्बमला हे झेंगट कशाला? तुमच्यात वाजवणारे दोघं आहेत. दहा मिनिटं मनसोक्त वाजवा, रेकॉर्ड करा, दोन दिवस ऐकू नका, मग ते कुणा तिसऱ्याचं असल्यासारखं कापा.

मिक्सबद्दल फार लिहीत नाही, कारण वरचं केलंत तर निम्मं मिक्स झालेलंच असतं. शब्दांची स्पष्टता साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते आणि तुमचे पॅड नेमके तिथेच चमकतात. इक्यू (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणारं साधन) उघडण्याआधी पॅडचा कॉर्ड उलटवून किंवा एक सप्तक खाली नेऊन बघा. त्यानंतरही अडत असेल तर पॅडवर रॅपच्या सिग्नलवर चालणारा, म्हणजे रॅप आला की तेवढाच पट्टा दाबणारा, डायनॅमिक इक्यू लावा, दोन-तीन डेसिबलपेक्षा जास्त नको. ८०८ सारख्या लांब किकचा स्वर गाण्याच्या स्वराशी मिळवा. तुमचा तिसरा ट्रॅक ए मायनरमध्ये आहे आणि किक कुठेतरी ५० हर्ट्झच्या आसपास घुमतोय, तो ५५ वर आणलात की खालचा ए लागतो आणि बासशी चाललेली मारामारी थांबते. रॅप कोरडा (रिव्हर्ब नसलेला) आणि संगीत ओलं (रिव्हर्बसह) असेल तर दोघं दोन खोल्यांत असल्यासारखे वाटतात. तरी रॅपवर लांब रिव्हर्ब घालू नका. सगळ्यांना मिळून एक छोटी खोली द्या, अर्ध्या-पाऊण सेकंदाची, आणि ओळीच्या शेवटच्या शब्दावरच डिले फेका. १२० ला टिंब लावलेल्या आठव्या भागाचा, म्हणजे पाऊण ठोक्याचा डिले ३७५ मिलिसेकंदांचा होतो, तिथून सुरुवात करा.

फाइलींची शिस्त आजच लावून घ्या. २४ बिट वेव्ह, सगळ्यांचा एकच सँपल रेट, प्रत्येक स्टेम (एकेका वाद्याची वेगळी फाइल) पहिल्या बारपासून सुरू, नावात टेम्पो आणि स्केल. इफेक्टसह एक आणि कोरडी एक अशा दोन प्रती. मिडीही सोबत. मास्टरवर (सगळ्याच्या एकत्रित आवाजावर) लिमिटर, म्हणजे आवाज दाबून मोठा करणारं साधन, लावून पाठवू नका. दाबलेल्या बीटवर रॅपर ओरडून रेकॉर्ड करतो आणि मग तो ताण आवाजातून निघत नाही.

पैशाचं आणि नावाचं बोलणं टाळताय असं पत्रावरून वाटलं. टाळू नका. हिप हॉपमध्ये साधारण अर्धं बीटचं, अर्धं शब्दांचं असा हिशेब चालतो; बँडच्या जगात सगळ्यांना सारखं. तुमच्याकडे दोन्ही सवयींची माणसं आहेत, त्यामुळे प्रत्येक जण मनात वेगळंच गृहीत धरून बसलेला असणार. माझा कल समान वाटणीकडे आहे, कारण वर सांगितलेल्या पद्धतीत कोणी कुठली ओळ कापली हे मोजणं अशक्य होतं, आणि ज्याचा हिस्सा आपल्या सुरावटीवर अवलंबून असतो तो ती सुरावट काढू देत नाही. रचनेचे हक्क आणि रेकॉर्डिंगचे हक्क वेगळे लिहा, तिघांनी सही करा, आणि मगच पाचवा ट्रॅक सुरू करा.

नाव ठरवताना ते आधीच कोणाचा ट्रेडमार्क नाही ना ते बघा. पोस्टल सर्व्हिसला अमेरिकेच्या टपाल खात्याने नावावरून नोटीस पाठवली होती. पुढे समेट झाला आणि टपाल खात्यानेच त्यांचा अल्बम विकायला ठेवला, पण असं नशीब सगळ्यांचं नसतं. आणि 'अमुक फीचरिंग तमुक' असं करू नका, तिघांचं मिळून एक नाव घ्या.

लांबीचं विचारलंत: ३६ ते ४२ मिनिटं. विनाइल काढायचा विचार असेल तर एका बाजूला १८ ते २१ मिनिटं नीट मावतात, त्यापुढे आवाज पातळ व्हायला लागतो. विनाइल नसला तरी पहिल्या अल्बमला एवढं भरपूर आहे.

सुरुवात पहिल्या ट्रॅकपासून करा, वर दाखवलेला व्हर्स तसाच करून बघा. मग दुसरा, हाफ-टाइम ड्रम घालून. तिसऱ्यात फक्त किकचा स्वर आणि पॅड. चौथ्याला हात लावू नका. त्यात रॅपर शेवटच्या मिनिटात येतो, तोही गाण्याच्या मागून, अर्धवट ऐकू येईल असा. तो ट्रॅक तुम्ही 'अपूर्ण' म्हणून पाठवलाय, पण चार ट्रॅकमध्ये तोच पुरा झालेला आहे.